जोडगोळी आणि पंगत

संस्थेच्या मदतीसाठी स्नेहभोजन योजावयाचे ठरले आणि त्या भोजनात एखाद्या शाहिरी जोडगोळीचे हसवे गाणे ठेवावे अशी सूचना कोणी मांडली, की कार्यकारिणीत हटकून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मंडळी जेवावयास येणार तर चार घटका करमणूक हवीच. दुसरा म्हणतो, धर्मादाय कार्यात हा पाणचटपणा कशाला? त्यापेक्षा एखाद्या विद्वानाचे व्याख्यान ठेवा. व्याख्यानाविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु शेजारच्या कढईत पुरी फुगत असता व्याख्यान ऐकणारा श्रोता आम्ही तरी अद्याप पाहिलेला नाही. तेव्हा ही जोडगोळी म्हणजे काय, ती कशी चालते, तिचा आणि दानधर्माचा संबंध किती जुना आहे, आणि तिला बोलावल्यावर आपले काय काय देणे लागते, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासदांपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे थोडे उकलून मांडावे असे वाटते.

जोडगोळीतील दोघांची कामे वाटलेली असतात. एकाकडे अब्रू असते आणि दुसऱ्याकडे ती घालविण्याचे काम असते. पहिला फेटा नीट बांधून, घसा साफ करून, देवाचे नाव घेऊन गाणे उचलतो. दुसरा त्याच्या मागे तुणतुणे धरून झील ओढतो आणि योग्य त्या क्षणी नको तो प्रश्न विचारतो. तुणतुण्याला एकच तार. ती एकसारखी वाजत राहते, म्हणून गाणे अजून संपलेले नाही, हे चाललेले बोलणे केवळ मध्येच शिरलेले आहे, असा श्रोत्यांचा समज टिकून राहतो. डफाचे उलट आहे. डफ थांबला की लोकांचे कान टवकारतात. म्हणून विनोदाचे वाक्य यावयाचे ते डफ थांबल्यावर, आणि हशा पिकल्याबरोबर थाप पडावयाची ती नेमकी समेवर. थाप लवकर पडली तर विनोद बुडतो. उशिरा पडली तर वाक्य लोंबकळत राहते. पाहणाऱ्यास वाटते, दुसरा गडी तोंडाला येईल ते बरळत आहे. वस्तुतः त्याचे लक्ष शब्दांइतकेच पहिल्याच्या मनगटाकडे असते.

तमाशात ही विभागणी फार जुनी आहे. गण झाला की गौळण येते, आणि गौळणीत कृष्णाबरोबर लंगडा, बोबडा पेंद्या आणि पुरुषानेच सोंग घेतलेली मावशी यावयाचीच. पुढे बतावणी, म्हणजे सरदार आणि सोंगाड्या यांची बोलाचाली. वग कोणताही असो, राजा कोणीही असो, सोंगाड्या त्याच्या पाठीशी उभा राहून राजेपणाची हवा काढीत असतो. होनाजी-बाळा हे पेशवाईअखेरचे नाव आपण एका दमात घेतो. त्यांतील होनाजी रचणारा आणि बाळा गाणारा. पुढे फडांना जोडनावे असणे ही जणू रीतच झाली. नारायणगावची भाऊ-बापूंची जोडी सर्वांस ठाऊक आहे. विठाबाई त्याच घरातली. सांगलीजवळच्या कवलापूरने तर कमालच केली. तेथे सातू-हिरू झाले, मग शिवा-संभा झाले आणि त्यानंतर काळू-बाळू. काळू-बाळू म्हणजे लहू व अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगातील भूमिकांची नावे त्यांना अशी चिकटली की खरी नावे फक्त सरकारदरबारी उरली. सारख्या चेहऱ्याचे दोघे सारखाच पोशाख करून समोर आले की निम्मे काम तोंड उघडण्यापूर्वीच होते, हे खरे. पण उरलेले निम्मे काम जन्मभर करीत राहणे हे जुळे असण्याने साधत नाही.

आपल्या बाजूला तर जोडीने गाण्याचे वळण दोन्हीकडून येऊन मिळाले आहे. दक्षिणेकडून खानदेशचा तमाशा व भारूड, उत्तरेकडून निमाडची गम्मत आणि कलगी-तुरा. २००३ साली बुऱ्हाणपूर हा वेगळा जिल्हा झाला, तोपर्यंत आपण पूर्व निमाडातच मोडत होतो. आणि निमाडात चंगावर थाप देऊन कलगीवाले व तुरेवाले एकमेकांस कोडी घालीत रात्र जागवितात. या पंथांची कथा अशी सांगतात की तुकनगीर नावाचे गोसावी आणि शाहअली नावाचे फकीर यांचे गाणे ऐकून चंदेरीचा राजा प्रसन्न झाला आणि त्याने एकास आपल्या पगडीचा तुरा व दुसऱ्यास कलगी काढून दिली. तेव्हापासून तुरेवाले शिवाचा मोठेपणा गातात, कलगीवाले शक्तीचा. कथा इतिहासाच्या काट्यावर कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. परंतु भांडण गाण्यातून करावयाचे आणि मानाची वस्तू एकाच पगडीची वाटून घ्यावयाची, ही कल्पना कोणाच्या तरी शहाण्या डोक्यातून निघाली असली पाहिजे. एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला तो सोळाव्या शतकात. त्यांत दोघे एकमेकांच्या देवाधर्माची अशी उणीदुणी काढतात की आजचा माणूस घाबरून इकडेतिकडे पाहील. आणि अखेरीस दोघे गळ्यात गळा घालतात. हा संवाद म्हणजे जोडगोळीच नव्हे तर काय?

बुऱ्हाणपुरात जोडगोळीला आणखी एक भांडवल फुकट मिळते, ते भाषांचे. लोधीपुऱ्यातून तापीच्या घाटापर्यंत सकाळी चालत गेल्यास मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती आणि निमाडी, इतक्या भाषा कानांवरून जातात. बरीचशी कुटुंबे घरी एक बोलतात आणि दुकानात दुसरी. आता हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे विद्यादान आणि मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे छडी. पहिला गडी गंभीरपणे हिंदीत सांगतो की ही संस्था गरीब मुलांना शिक्षा देते, त्यासाठी आपली मदत पाहिजे. दुसरा मराठीत विचारतो, “मुलांना शिक्षा करावयास वर्गणी कशाला? आमच्या मास्तरांनी जन्मभर फुकट केली!” पहिला म्हणतो, संस्था गरिबांसाठी पूरी चेष्टा करेगी. दुसरा कानांवर हात ठेवतो, “गरिबांची थोडीथोडकी नव्हे, पुरी चेष्टा करणार?” पहिला सांगतो, देखो, अभी थाली खाली है. दुसरा वाकून पाहतो आणि म्हणतो, “पंगतीत थाळी खालीच असते, वर कोण टांगतो?” असे विनोद पुण्यात सांगून पाहा, समजावून सांगण्यात रात्र जाईल. येथे आजीपासून नातवापर्यंत सर्व एकदम हसतात, कारण ही फजिती प्रत्येकाच्या घरात एकदा तरी झालेली असते. आणि गंमत अशी की हसता हसता संस्था शिष्यवृत्ती देते ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात राहते. वार्षिक अहवालातील त्याच मजकुरास हे भाग्य लाभत नाही.

आता दानधर्माचा संबंध. पैसे मागणे ही फार अवघड गोष्ट आहे. मागणारा संकोचतो, देणारा अवघडतो आणि शेजारी बसलेला आपल्या ताटात पाहू लागतो. लोकगायकांनी हा अवघडपणा कधीच सोडविलेला आहे. वासुदेव पहाटे दारात येतो, दान घेतो आणि देवांची व गावांची नावे घेऊन दान पोहोचल्याचे गाऊन सांगतो. पावती गाण्यातच फाडली जाते म्हणा ना! कीर्तनाच्या शेवटी आरतीचे ताट फिरते, तेव्हा तेही कोणास टोचत नाही. तमाशात दौलतजादा करणाऱ्याचे नाव फडावरून पुकारीत. यांतील शेवटच्या चालीत खोट अशी की नावाच्या हौसेने चढाओढ लागते आणि अकरा रुपये देणारा मान खाली घालतो. चांगली जोडगोळी हे होऊ देत नाही. तिची थट्टा वर जाते, खाली येत नाही. शेटजींनी मोठी रक्कम दिली तर सोंगाड्या विचारील की घरी विचारले होते काय. म्हातारीने पदराची गाठ सोडून नाणे काढले तर तो मुकाट्याने मुजरा करील. हा विवेक शिकवून येत नाही, आणि ज्या जोडीस तो नाही तिला मदतीच्या कार्यक्रमास बोलावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

हसवून मागण्याच्या या कलेचा सर्वांत मोठा जाणता आपल्याच शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मला. गाडगे महाराज (१८७६–१९५६) साध्या वऱ्हाडी बोलीत कीर्तन करीत, आणि त्यांत जोडीदार म्हणून साथीला कोणी दुसरा नसे. समोर बसलेला सारा समाज हाच त्यांचा जोडीदार. ते भाबडा प्रश्न विचारीत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून दुसरा प्रश्न निघे, आणि पाहता पाहता लोक स्वतःच्याच अडाणीपणास हसू लागत. त्या कीर्तनांवर पंढरपूर, नाशिक, आळंदी येथल्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, सदावर्ते चालली. स्वतः मात्र फाटके वस्त्र आणि हातात खापर. उभारलेल्या संस्था त्यांनी आपल्या नावावर ठेवल्या नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे गेली आणि बाकीच्या कामासाठी १९५२ साली मिशन स्थापन होऊन विश्वस्त नेमले गेले. विश्वस्त म्हणविणाऱ्या आपणां सर्वांस हा भाग विशेष वाचनीय आहे.

मदतीच्या खेळांचीही परंपरा आहेच. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला, त्यात बालगंधर्व व केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी एकत्र उभे राहिले. ती हसविणारी जोडी नव्हे, पण दोन नावे एकत्र आली की थैली कशी सुटते याचा तो दाखला आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखी हसविणारी मंडळी घडली; आणि पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात निळू फुले, डॉ. श्रीराम लागू आदी नटांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. तो निधी पूर्ण वेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या चरितार्थासाठी होता. असो.

भोजनाकडे वळू. जेवताना गाणे ऐकण्यात नवे काही नाही. पंगतीत एकेकाने श्लोक म्हणण्याची चाल आपल्या आजोबांच्या वेळी होती, नाव घेण्याचा आग्रह अजून आहे, आणि उत्तरेकडे तर जेवणाऱ्या व्याह्यांस बायका गारी गातात, म्हणजे चालीवर शिव्या घालतात, आणि व्याही त्या ऐकत आणखी एक पोळी घेतात. तरीही भर पंगतीत जोडगोळीस उभे करणे आम्हांस पसंत नाही. वाढप्यांची धावपळ, भांड्यांचा आवाज, ‘भात इकडे, भात इकडे’ असा गलका, यांत समेवर पडलेली थाप कोणास ऐकू येणार? त्यातून तोंडात घास असताना हसू आले तर ठसका लागतो. त्याचीही जबाबदारी कोणी तरी घेतली पाहिजे. आमच्या मते पाने मांडण्यापूर्वी पाऊण तास गाणे व्हावे. भूक लागलेला माणूस चिडतो असे म्हणतात, पण मांड्यांचा वास येत असेल तर तो चिडत नाही, उलट उदार होतो. मागणे मांडावयाचे तेही याच वेळी, गाण्याच्या पोटात, एकदाच. मध्येच ध्वनिक्षेपक हाती घेऊन देणगीदारांची यादी वाचण्याचा मोह चिटणीसांनी आवरावा. ती यादी स्मरणिकेत छापावयाची असते.

आणखी एक बारीक गोष्ट. डफाचे कातडे ओलाव्याने सैल पडते आणि आवाज भदभद येऊ लागतो. ते विस्तवावर शेकून घ्यावे लागते. पावसाळ्यात स्नेहभोजन असेल तर आचाऱ्यास आधी सांगून ठेवावे, नाही तर डफ घेऊन चुलीपाशी आलेल्या शाहिरास तो हाकलून लावील आणि कार्यक्रमापूर्वीच एक वग होईल. पावसाळ्याचा उल्लेख केला तो मुद्दाम. तमाशाचे फड दसऱ्यास बाहेर पडतात ते वैशाखातल्या जत्रांपर्यंत फिरतात. पुढचे महिने बसून काढावयाचे असतात. आपले वार्षिक भोजन त्या महिन्यांत ठेवले तर एका जोडीची निदान एक सुपारी तरी होते.

आणि येथे आम्हांस थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. कार्य धर्मादाय आहे, तेव्हा कलावंतांनी फुकट गावे, अशी एक समजूत आपल्या मंडळींत आहे. आचाऱ्याला आपण पैसे देतो, मंडपवाल्याला देतो, विजेच्या दिव्यांचे देतो. धर्म फक्त गाणाऱ्याने करावा! ज्यांच्या घरात वर्षाकाठी चार महिने चूल रडतखडत पेटते त्यांच्याकडून दान घ्यावयाचे आणि आपल्या देणगीदारांत त्यांचे नाव मात्र छापावयाचे नाही, हा कोणता हिशेब? विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. जानेवारी २००२ मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांच्या रुग्णालयाचे बिल देणगीदारांनी भागविले. हजारोंच्या गर्दीस ज्यांनी रात्र रात्र नाचून, गाऊन खिळविले, त्यांची ही अखेर. यासाठी बिदागी आधी ठरवावी, निम्मी सुपारीबरोबर द्यावी, उरलेली कार्यक्रम संपताच हातात ठेवावी आणि पावती घेऊन जमाखर्चात खर्च म्हणून स्वच्छ लिहावी. १९५१च्या लोक न्यास कायद्याने आपणांस हिशेब ठेवावेच लागतात. त्यात ही रक्कम दाखविण्यास लाज वाटण्याचे कारण नाही. ‘प्रेमाखातर आले होते’ ही नोंद कोणत्याही तपासनिसास पटू नये. जोडीने आपण होऊन काही परत दिले, तर ती वेगळी पावती, आणि मग त्यांचे नाव देणगीदारांच्या यादीत इतरांच्याच टायपात.

पैशाहून नाजूक प्रश्न जागेचा आहे. लहानपणी एका समारंभात आम्ही डफ-तुणतुण्याची जोडी ऐकली. दोघांनी लोकांस असे हसविले की एका गृहस्थाची पगडी पडली. गाणे झाले, पाने मांडली गेली, आणि आम्ही मुले त्या दोघांच्या शेजारी बसावयास मिळावे म्हणून धावलो. ते पंगतीत नव्हते. मागल्या अंगणात पायरीच्या खाली त्यांना बसविले होते, आणि चार पंगती उठेपर्यंत ते तेथे बसूनच होते. सोंगाड्या आम्हांस पाहून हसला नाही. त्याने आम्हांस पुढे जाण्याची खूण केली. का, हे तेव्हा समजले नाही. वडीलधाऱ्यांस विचारले तर त्यांनी विषय बदलला. तमाशा, जलसा करणाऱ्यांतील बहुतेक मंडळी गावकुसाबाहेरची, हे पुढे कळले. पंगतीत ज्यास जागा नाही त्याच्याकडून पंगतीसाठी वर्गणी मागवून घ्यावयाची, असा तो प्रकार होता. आज कोणी तसे उघड करणार नाही. परंतु ‘तुम्ही मागाहून निवांत जेवा, कलाकारांची वेगळी व्यवस्था आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि कित्येकांनी सद्भावनेने उच्चारलेही आहे.

आपल्या लोधीपुऱ्यात तरी याचा धडा दूर शोधावयास नको. दर्गाह-ए-हकीमीच्या दर्शनास गावोगावचे दाऊदी बोहरा यात्रेकरू येतात. त्यांच्या रीतीप्रमाणे आठ-आठ जण एका थाळाभोवती बसतात, मिठाची चिमूट तोंडात घालून सुरुवात करतात आणि एकाच थाळातून खातात. तेथे कोणाचे पान वेगळे, हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण पानच एक असते. आपली पंगत थाळाची नसली तरी पहिल्या ओळीत दोन जागा राखून ठेवणे काही कठीण नाही. एक पाट अध्यक्षांच्या उजवीकडे, एक डावीकडे. दोघांस एकत्र बसवू नये, नाही तर ते जेवतानाही धंदा सुरू करतील.

गाऊन घसा कोरडा झालेला असतो, म्हणून आधी पाणी द्यावे, दराबा मागाहून. आणि मांडे वाढावयाचे ते उतरल्याबरोबर. थंड मांडा डफाच्या कातड्यासारखा होतो, आणि तो शेकून पुन्हा सुरात येत नाही.